राजीनाम्याची घाई नको, परीक्षा ऑगस्टमध्ये द्या

वाचकाचे पत्र, थोडक्यात: सोलापूरच्या 28 वर्षांच्या एका वाचक भगिनी एम.कॉम. झाल्या असून गेली चार वर्षे एका नागरी सहकारी बँकेच्या कर्ज विभागात कनिष्ठ अधिकारी आहेत. वडिलांचे पूर्व भागात यंत्रमाग होते, त्यांतले निम्मे आता विकले गेले आहेत. घरी तेलुगू बोलली जाते आणि शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे. नोव्हेंबरमध्ये त्यांनी एफआरएम, म्हणजे वित्तीय जोखीम व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राच्या परीक्षेचा पहिला भाग दिला आणि त्यात त्या अनुत्तीर्ण झाल्या. पुण्यात एका बहुराष्ट्रीय बँकेच्या जोखीम विभागात असलेली मैत्रीण त्यांना सांगते की सोलापूरच्या बँकेत जोखीम व्यवस्थापन असे काही नसतेच, तेव्हा नोकरी सोडून पुण्याला ये, पूर्णवेळ अभ्यास कर आणि मे महिन्यात पुन्हा परीक्षा दे. त्यासाठी स्वतःची बचत आणि आईच्या नावावरची मुदत ठेव मोडण्याचा त्यांचा विचार आहे. वडिलांचे म्हणणे असे की कायमची नोकरी कोणी सोडत नसते, बँकेच्या परीक्षा द्याव्यात आणि बढती घ्यावी. वाचक भगिनी विचारतात, ‘‘राजीनामा द्यावा का? आणि दहावीपासून गणिताची धास्ती असलेल्या माझ्यासारखीने या वाटेला जावे का?’’

उत्तर:

राजीनामा आत्ता देऊ नका आणि परीक्षा मात्र सोडू नका. हे आधीच सांगून टाकतो, कारण पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिले आहे की या महिन्यातच निर्णय घ्यायचा आहे. आता त्यामागची कारणे सविस्तर मांडतो, कारण तुमच्या मैत्रिणीचे एक गृहीतक तुम्ही न तपासता स्वीकारले आहे आणि तुमची सगळी घालमेल त्याच्यावर उभी आहे.

सोलापूरच्या बँकेत जोखीम व्यवस्थापन नसते, हे ते गृहीतक. टॉवेलच्या कारखानदाराचे कॅश क्रेडिट खाते (मालाच्या तारणावर मर्यादेपर्यंत पैसे उचलण्याचे कर्जखाते) तुमच्या टेबलावर येते, तेव्हा तुम्ही काय करता ते आठवा. महिन्याचे स्टॉक स्टेटमेंट घेता, अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत जाऊन गोदामातले सुताचे गठ्ठे आणि तयार माल पाहता, सूत व्यापाऱ्याचे देणे वजा केले आहे की नाही ते तपासता, मार्जिन, म्हणजे सुरक्षिततेसाठीचा हिस्सा, कापता आणि मग ड्रॉइंग पॉवर, म्हणजे खात्यातून उचलता येणारी कमाल रक्कम, ठरवता. स्टेटमेंटमध्ये माल फुगवून दाखवला आहे हे एखाद्या वेळी तुमच्या लक्षात येते आणि तुम्ही मर्यादा कमी करण्याची शिफारस करता. याला पतजोखमीचे मूल्यांकन म्हणतात. पुण्याच्या काचेच्या इमारतीत जे आकडे मॉडेलमध्ये भरले जातात, ते मुळात कोणीतरी असेच गोदामात उभे राहून गोळा केलेले असतात.

फरक आहे तो या कामाला आकड्यांची भाषा देण्याचा, आणि ती भाषा शिकवणे हेच एफआरएमचे काम. एका यंत्रमागधारकाला 20 लाखांचे कर्ज आहे असे धरा. वर्षभरात ते थकण्याची शक्यता 4 टक्के आणि थकल्यास तारण विकून वगैरे 55 टक्के वसूल होतील, म्हणजे 45 टक्के बुडतील, असा अंदाज आहे. तर अपेक्षित तोटा झाला 20 लाख गुणिले 0.04 गुणिले 0.45, म्हणजे 36 हजार रुपये. अशी दहा कर्जे असतील तर 3 लाख 60 हजार. इथपर्यंतचे गणित कोणताही शाखाधिकारी करील. पण ही दहा कर्जे दहा वेगवेगळ्या धंद्यांतली आहेत, की एकाच बोळातल्या दहा कारखान्यांची आहेत, हा खरा प्रश्न आहे. सुताचा भाव चढला, वीजदर वाढला किंवा परदेशातली मागणी बसली, की एका बोळातल्या दहाही घरांत एकदमच हप्ता चुकू लागतो. एक कर्ज थकले की 9 लाख जातात. दहा कर्जे एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र असतील, तर तोट्याचे प्रमाण विचलन, म्हणजे तोटा अपेक्षेपासून किती दूर जाऊ शकतो त्याचे माप, सुमारे 5 लाख 60 हजार येते. दहाही एकत्रच बुडणारी किंवा एकत्रच तरणारी असतील, तर तेच 17 लाख 60 हजारांच्या पुढे जाते. अपेक्षित तोटा दोन्हीकडे तोच, पण बँकेने बाजूला ठेवायला हवे असलेले भांडवल तिप्पट. वडिलांचे माग विकले गेले तो काळ तुम्ही पाहिला आहे. शेजारच्या किती घरांतले माग त्याच सुमारास विकले गेले, हे तुम्हाला माहीत आहे. सहसंबंध, म्हणजे असे एकत्र तरणे-बुडणे, ही संकल्पना इतरांना आलेखावरून शिकावी लागते, तुम्हाला ती आधीच ठाऊक आहे, फक्त तिचे सूत्र माहीत नव्हते.

हे मी तुमच्या समाधानासाठी लिहीत नाही. सप्टेंबर 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध घातले आणि सुरुवातीला खातेदारांना केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा राहिली. त्या बँकेच्या एकूण कर्जांपैकी 70 टक्क्यांहून अधिक कर्ज एकाच उद्योगसमूहाशी संबंधित होते आणि ते दडवून ठेवण्यात आले होते. फेब्रुवारी 2020 मध्ये ठेव विम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाखांवर गेली, त्यामागे या प्रकरणाची मोठी पार्श्वभूमी होती. आपल्या जिल्ह्यात निवृत्त शिक्षक, विडी कामगार, छोटे दुकानदार यांची आयुष्यभराची पुंजी सहकारी बँकांत आणि पतसंस्थांत असते. अशा ठिकाणी एकवटलेल्या कर्जाचा धोका ओळखून तो आकड्यांनिशी संचालक मंडळापुढे मांडू शकणारी व्यक्ती कर्ज विभागात असणे ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

तुमच्या बँकेत बाजारजोखीमही आहे, फक्त ती तुमच्या टेबलावर येत नाही. बँकेला ठेवींचा ठराविक हिस्सा सरकारी रोख्यांत ठेवावा लागतो. दहा वर्षांच्या एखाद्या रोख्याची ड्युरेशन (व्याजदर बदलला की किंमत किती हलते त्याचे माप) सात असेल आणि व्याजदर एक टक्क्याने वाढला, तर त्याची किंमत अंदाजे सात टक्क्यांनी घसरते. अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅली बँक मार्च 2023 मध्ये कोसळली, तिच्या मुळाशी हेच होते. स्वस्त व्याजदराच्या काळात घेतलेले दीर्घ मुदतीचे रोखे दर वाढल्यावर तोट्यात गेले, आणि ठेवीदार पैसे मागायला एकदमच आले. तुमच्या बँकेच्या गुंतवणूक विभागातल्या सहकाऱ्याला विचारून रोख्यांची यादी कशी ठेवली जाते ते एकदा पाहा. तसेच तुमच्या ग्राहकांतला एखादा टॉवेल निर्यातदार तीन महिन्यांनी येणाऱ्या डॉलरचा दर आजच बांधून घेतो की नाही आणि का, हे त्याच्याकडून समजून घ्या. फॉरवर्ड कराराचे प्रकरण पुस्तकात चार वेळा वाचूनही जे पक्के होत नाही, ते या एका बोलण्यात होईल.

मैत्रीण एका बाबतीत बरोबर आहे, आणि ते मान्य केले पाहिजे. मॉडेल तयार करणे, ती तपासणे, व्हॅल्यू ॲट रिस्क (तोटा बहुतेक वेळा कितीच्या आत राहील त्याचा अंदाज) रोजच्या रोज काढणे ही कामे मुंबई, पुणे, बेंगळुरू, गुरुग्राम अशा ठिकाणीच आहेत. 5,000 कोटी किंवा त्याहून अधिक मालमत्ता असलेल्या नागरी सहकारी बँकांनी मुख्य जोखीम अधिकारी नेमावा, असे रिझर्व्ह बँकेने 2021 मध्ये सांगितले. 2022 मध्ये ठेवींनुसार या बँकांचे चार स्तर करून मोठ्यांसाठी भांडवलाचे निकषही कडक केले. म्हणजे सहकारातही या ज्ञानाची गरज वाढते आहे, पण एवढ्या मोठ्या बँका मोजक्याच आहेत. तेव्हा पुढे सोलापूर सोडावे लागणे अगदी शक्य आहे. मात्र परीक्षेच्या आधी रिकाम्या हाताने सोडणे आणि परीक्षेनंतर नोकरीचे पत्र घेऊन सोडणे या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत.

शिवाय एक नियम तुमच्या नजरेतून सुटलेला दिसतो. दोन्ही भाग उत्तीर्ण झाले तरी एफआरएम ही उपाधी लगेच लावता येत नाही. जोखमीशी संबंधित क्षेत्रातला दोन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव दाखवावा लागतो आणि त्यात प्रशिक्षणार्थी म्हणून किंवा अर्धवेळ केलेले काम धरले जात नाही. परीक्षेआधीचा अलीकडचा अनुभव चालतो. म्हणजे जी नोकरी तुम्हाला अभ्यासातला अडथळा वाटते, तीच या प्रमाणपत्राचा उरलेला अर्धा भाग आहे. आज सोडलीत, तर पुढे अनुभवाच्या रकान्यासाठी पुन्हा नोकरीच शोधावी लागेल. कर्ज मूल्यांकनाच्या कामाचे तपशील, म्हणजे कोणत्या प्रकारची कर्जे, किती रकमेपर्यंतची शिफारस, थकीत खात्यांचा पाठपुरावा, हे आजपासून एका वहीत लिहून ठेवा. अर्ज भरताना आणि मुलाखतीतही ते कामाला येतील.

आता पैशाकडे वळू. परीक्षा घेणाऱ्या गार्प या अमेरिकी संस्थेचे शुल्क डॉलरमध्ये आहे. अलीकडच्या वर्षांत एकदाच भरायचे नोंदणी शुल्क 400 डॉलर, आणि प्रत्येक भागासाठी लवकर नोंदणी केल्यास 600, उशिरा केल्यास 800 डॉलर असे ते राहिले आहे. नोंदणी शुल्क तुम्ही भरलेलेच आहे, ते पुन्हा लागणार नाही. तरी एका प्रयत्नाला 50 हजार रुपयांच्या आसपास जातात, आणि रुपया घसरला की त्याहून जास्त. पहिल्या भागात उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण बहुतेक वेळा निम्म्याच्या जवळपास किंवा त्याहून कमीच असते. आता पुण्यातले भाडे, खानावळ, बंद झालेला पगार आणि निम्म्याच्या आसपासची शक्यता हे सगळे एका कागदावर मांडा आणि हा कर्जप्रस्ताव म्हणून तुमच्या टेबलावर आला असता, तर तुम्ही मंजुरीची शिफारस केली असती का, ते स्वतःला विचारा. आईची मुदत ठेव तर या हिशेबात धरूच नका. ती तुमच्या परीक्षेचे भांडवल नाही. आईच्या दुखण्याखुपण्याची ती सोय आहे.

मे महिन्याचा बेत मात्र रद्दच करा, नोकरी सोडली नाही तर विशेषकरून. बँकेत काम करणाऱ्याला मार्चअखेर म्हणजे काय ते सांगायला नको. फेब्रुवारीपासून थकीत खात्यांची वसुली, नूतनीकरणे, मग 31 मार्चची रात्र आणि त्यानंतर लेखापरीक्षकांच्या मागण्या. त्यातून उठून चार आठवड्यांत शंभर प्रश्नांच्या परीक्षेला बसणे, तेही सोलापूरच्या चाळिशी पार केलेल्या उन्हात, हा शरीरावर अन्याय आहे. ही परीक्षा मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर अशी तीनदा असते. बँकेतल्या माणसाला ऑगस्ट सर्वांत सोयीची. नोव्हेंबरमध्ये दिवाळी आडवी येते आणि घरातली मुलगी दिवाळीत खोलीचे दार लावून बसली, तर काय बोलणी खावी लागतात, हे बहुतेक वाचक भगिनींना माहीत असेल.

एका भागाच्या तयारीला साधारण अडीचशे तास लागतात असे धरतात. तुमचा निम्मा अभ्यास झालेला आहे, पण तो हिशेबात न धरता नव्याने मोजा. आत्तापासून मार्चअखेरपर्यंत आठवड्याला फक्त चार-पाच तास आणि तेही संख्याशास्त्राच्या पायाला द्यावेत. एप्रिलपासून रोज पहाटे दीड तास, रविवारी चार तास. संध्याकाळी बँकेतून आल्यावर नवे प्रकरण हाती घेऊ नका, झालेल्या प्रकरणाचे प्रश्न सोडवा. परीक्षेच्या आधीची दहा-बारा दिवसांची रजा आजच साहेबांच्या कानावर घाला आणि कारणही सांगा. लपवून अभ्यास केला की रजा मागतानाही चोरी केल्यासारखे वाटते.

तुम्ही निकाल पत्रात दिला आहे. पायाभूत विषयात पहिला चतुर्थक (परीक्षार्थींच्या चार समान गटांपैकी सर्वांत वरचा), बाजार व उत्पादने यात दुसरा, मूल्यांकन व जोखीम मॉडेल यात तिसरा आणि संख्यात्मक विश्लेषणात चौथा. ‘‘गणितात मी शेवटच्यांत आहे’’ एवढाच अर्थ तुम्ही काढला. या निकालात गुण कळत नाहीत, इतर परीक्षार्थींच्या तुलनेत तुमचे स्थान कळते, आणि जगभरचे अभियंते ही परीक्षा देत असल्याने गणिताच्या विषयात वाणिज्य शाखेची व्यक्ती मागे दिसणारच. त्याहून महत्त्वाचे म्हणजे विषयांचे वजन. संख्यात्मक विश्लेषण 20 टक्के, पायाभूत विषय 20, आणि उरलेले दोन प्रत्येकी 30 टक्के. तुमचा सर्वांत मोठा तोटा बहुधा मूल्यांकनात झाला आहे, कारण त्याचे वजन अधिक आहे आणि तिथले प्रश्न संख्याशास्त्राच्या पायावरच सोडवावे लागतात. म्हणून क्रम असा ठेवा: आधी संभाव्यता, वितरणे आणि प्रतिगमन (रिग्रेशन, म्हणजे एका राशीवरून दुसरीचा अंदाज) एवढेच पक्के करा, मग थेट मूल्यांकनावर या. मशीन लर्निंगची प्रकरणे शेवटी वाचली तरी चालतील. ज्या विषयात पहिला चतुर्थक आला, तो आवडतो म्हणून पुन्हापुन्हा वाचत बसण्याचा मोह होतो. तो मात्र टाळा.

गणिताच्या धास्तीबद्दल एवढेच सांगतो की या परीक्षेत सिद्धता लिहाव्या लागत नाहीत. चार पर्यायांतून उत्तर निवडायचे असते, आणि दहावीच्या बीजगणितापुढचे फारसे काही हाताने करावे लागत नाही. जे अडते ते वाचनात. ‘‘एका शेपटीची कसोटी की दोन शेपट्यांची’’, ‘‘दर वार्षिक दिला आहे की सहामाही’’ हे प्रश्नाच्या इंग्रजी वाक्यात दडलेले असते. त्यासाठी रोज पाच प्रश्न मोठ्याने वाचा आणि काय दिले आहे, काय विचारले आहे, हे मराठीत किंवा घरच्या तेलुगूत सांगून पाहा. सूत्रे आणि संज्ञा इंग्रजीतच ठेवा, समजूत आपल्या भाषेत होऊ द्या. वडिलांना सुताच्या भावातला चढउतार समजावता येईल इतके प्रमाण विचलन तुम्हाला कळले, तर परीक्षेत ते अडणार नाही.

कॅल्क्युलेटरची गोष्ट किरकोळ वाटते, पण तिच्यावर गुण जातात. ठराविक मॉडेलच चालतात. आपल्याकडे बहुतेकजण बीए टू प्लस हा वित्तीय कॅल्क्युलेटर घेतात. तो मुळात दोनच दशांश स्थळे दाखवतो. ती आधी सहा करून घ्या. वर्षाला किती हप्ते धरले आहेत ते सेटिंग आणि आधीच्या गणिताची उरलेली स्मृती हे दोन्ही तपासल्याशिवाय रोख्याचे एकही उदाहरण करू नका. चार तासांत शंभर प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला 2 मिनिटे 24 सेकंद. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नये. जुलैमध्ये किमान तीन पूर्ण सराव परीक्षा सलग चार तास बसून द्या, रविवारी सकाळी, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून.

वडिलांच्या म्हणण्याला तुम्ही विरोध समजता आहात. मला त्यात तथ्य दिसते. मुंबईची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्स ही 1928 मध्ये स्थापन झालेली संस्था बँक कर्मचाऱ्यांच्या परीक्षा घेते. तिच्या जेएआयआयबी (कनिष्ठ स्तर) आणि सीएआयआयबी (त्यापुढचा स्तर) या परीक्षांचे शुल्क एफआरएमच्या तुलनेत फारच थोडे आहे, आणि सीएआयआयबीच्या बँक वित्तीय व्यवस्थापनाच्या पेपरात जोखीम, बासेल निकष (बँकांच्या भांडवलाचे आंतरराष्ट्रीय नियम), कोषागार व्यवहार हे सगळे येते. तुमची बँक त्या संस्थेची सभासद आहे का आणि बढतीत या परीक्षांना वजन आहे का, हे आस्थापना विभागात विचारा. दोन्ही उत्तरे होकारार्थी असतील, तर ऑगस्टनंतर त्याही द्या. एकाच वेळी दोन्ही नकोत. मात्र बँकेत राहायचे आणि सोलापुरातच राहायचे हे ज्यांचे नक्की आहे, अशा वाचकांनी डॉलर मोजण्याआधी याच परीक्षांचा विचार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

नुकतेच पदवीधर झालेले काही वाचकही अशीच पत्रे पाठवतात, म्हणून त्यांच्यासाठी इथेच लिहितो. या परीक्षेला शिक्षणाची पूर्वअट नाही, म्हणून ती लगेच देता येते हे खरे आहे. पण नुसत्या पहिल्या भागावर जोखीम विभागात नोकरी मिळते, ही जाहिरातबाजी आहे. नेमणूक करणारे एक्सेल पाहतात, एसक्यूएल आणि पायथन या संगणकीय भाषा पाहतात, आणि एखादा खरा प्रश्न तुम्ही आकड्यांनी कसा सोडवला ते विचारतात. तुम्हालाही हे लागू आहे. वर दिलेले दहा कर्जांचे उदाहरण एक्सेलमध्ये मांडा, सहसंबंध बदलत जा आणि तोटा कसा बदलतो त्याचा तक्ता करा. आकडे काल्पनिकच घ्या, ग्राहकांचे खरे आकडे बँकेबाहेर नेऊ नका. मुलाखतीत दाखवायला यापेक्षा चांगले काही सध्या तुमच्याकडे नाही.

ऑगस्टचा निकाल आल्यावर पुण्याचा प्रश्न पुन्हा काढा. उत्तीर्ण झालात तर दुसऱ्या भागासाठी चार वर्षांची मुदत मिळते, त्यामुळे लगेच बसलेच पाहिजे असे नाही. तेव्हा अर्ज पाठवायला सुरुवात करा, मैत्रिणीला तुमचे नाव तिच्या विभागात सुचवायला सांगा आणि नेमणुकीचे पत्र हाती आल्यावरच राजीनामा लिहा. तोवर ऑगस्टची नोंदणी लवकरच्या दरात करा आणि सोलापूरहून जायला सोयीचे केंद्र आधीच निवडून ठेवा, नंतर जागा भरतात. ओळखपत्र म्हणून वैध पासपोर्ट किंवा वाहन परवाना लागतो. नोंदणीतले नाव त्याच्याशी अक्षरन् अक्षर जुळले पाहिजे. आपल्याकडे एका कागदावर वडिलांचे नाव मध्ये असते आणि दुसऱ्यावर नसते, तेव्हा हे शुल्क भरण्याच्या आधीच तपासा.